चौदातल्या चार कोऱ्या

त्या सोमवारी मी भांडारातून नवे धागे आणायला गेले होते. शिवणाचे धागे नव्हेत. प्लॅस्टिकच्या दांडीला आडवा बसवलेला, ब्रशच्या केसासारखा नायलॉनचा ताठ तंतू. तळपायावर टेकवून तो किंचित वाकेपर्यंत दाबायचा. वाकला की दाब नेमका तेवढाच पडतो, कमी नाही, जास्त नाही. तेवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायातल्या नसा मेल्या आहेत, किंवा मरायला टेकल्या आहेत. दहा माणसं तपासली की धागा थकतो. मग त्याला एक दिवस नुसतं पडू द्यावं लागतं, नाहीतर तो लवकर वाकतो आणि खोटं सांगतो. आमच्याकडचे सगळे थकले होते.

"ताई, तुमच्या धाग्यांना रजा मिळते," भांडारवाला म्हणाला. "माझं काय?"

मी हसले, सही केली आणि धागे घेऊन वर आले. हे सगळं इतकं साधं होतं, म्हणून आधी सांगितलं.

आमच्या विभागात दीड वर्ष एक संशोधन चालू होतं. साखरेच्या आजाराने पायांच्या नसा मरतात. त्यांना पुन्हा जाग आणणारी एक गोळी खरंच काम करते का, ते पाहायचं होतं. बासष्ट रुग्ण होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कुणाला कोणती, हे मलाही ठाऊक नव्हतं. माझं काम दर महिन्याला त्यांचे तळपाय तपासायचं.

तपासणीची खोली मधोमध होती, तिला खिडकी नव्हती. पाय गार असले की नसा मंद बोलतात, म्हणून तिथे हीटर लावलेला असायचा. स्पिरिटचा आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. भिंतीवरचं घड्याळ मीच काढून टाकलं होतं, कारण रुग्ण त्याच्या टिकटिकीवर अंदाज बांधायचे. खाटेच्या मधोमध पडदा असायचा. रुग्णाला स्वतःचे पाय दिसायचे नाहीत.

एका तपासणीत चौदा खेपा. दहा खेपांना धागा टेकवायचा. चार खेपा कोऱ्या. कोऱ्या खेपेला धागा तळव्याच्या अगदी जवळ न्यायचा, थांबायचं आणि न टेकवताच परत आणायचा. कोणत्या खेपा कोऱ्या, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं आणि बंद लिफाफ्यातून माझ्याकडे यायचं. कोऱ्या खेपांशिवाय ही तपासणी म्हणजे शुद्ध फसवणूक. माणसाला आपला पाय मेलाय हे मान्य करवत नाही. तीन-तीन सेकंदांनी कुणीतरी काहीतरी करतंय एवढं त्याला समजलं, की त्याच लयीत तो "हो... हो... हो..." म्हणत जातो. खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटत असतं.

त्या सोमवारी पोस्टमनकाका पहिल्यांदा आले. एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. उंच, खांद्यात वाकलेला, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली.

"डोळे मिटा, काका. टेकल्यासारखं वाटलं तर 'हो' म्हणा. नाही वाटलं तर गप्प राहा."

"गप्प राहायचं शिक्षण घरी झालंय, ताई."

"पायांचं काय होतं नेमकं?"

"काही होत नाही, हेच तर दुखणं. फरशी आहे की गादी, कळत नाही. नात चालायला लागलीय. ती माझ्या पावलांवर उभी राहते, तर मला खाली बघून खात्री करावी लागते. ती पायावर आहे हे न बघता कळावं, एवढंच बघा."

मी सुरुवात केली. पहिली खेप, गप्प. दुसरी, गप्प. तिसरी कोरी होती.

"हो," काका म्हणाले.

मी फुली मारली. असं होतं. चौथी, पाचवी, सहावी, धागा छान वाकला, ते गप्प. सातवी कोरी.

"हो."

दहावी आणि तेरावी कोरी होती. दोन्हींना "हो." उरलेल्या दहा खेपांना ओठ हललेसुद्धा नाहीत.

शेजारच्या खोलीत नसांमधून हलका विजेचा झटका सोडून मोजणारं यंत्र होतं. ते चालवणाऱ्याला आम्ही सगळे करंट म्हणायचो. काकांचे पाय त्यानेही मोजले होते.

"घोट्याच्या खाली शुकशुकाट," तो म्हणाला. "मी फोन लावतोय, तिकडून कुणी उचलत नाही."

मी त्याला माझा कागद दाखवला. त्याने कॅल्क्युलेटर काढला. "चौदातल्या नेमक्या ह्याच चार, आणि दुसरी एकही नाही. हजारात एकदा. नशीबवान आहे म्हातारा, लॉटरी घ्यायला सांग."

डॉक्टरबाई, म्हणजे आमच्या संशोधनाच्या प्रमुख, हसल्या नाहीत. "अंदाजाने बोलतोय. ही तपासणी बाद. पुढच्या महिन्यात पुन्हा असं झालं तर काढावं लागेल त्याला."

अंदाजाने बोलणारा माणूस कधीतरी खऱ्या खेपेलाही "हो" म्हणतो, हे मला म्हणायचं होतं. घरी गेले.

इथे मला माझ्या नवऱ्याबद्दल सांगावं लागेल. थोडक्यात सांगते.

तो पोहायला शिकवायचा. दिवसभर तलावाच्या काठावर अनवाणी. बारा वर्षं साखर होती, आणि मी दिवसभर परक्यांचे पाय हातात घेणारी. एका रविवारी सकाळी, चहा उकळेपर्यंत, मी गंमत म्हणून त्याचे पाय तपासले. तो कोचावर आडवा, तोंडावर वर्तमानपत्र, लेक बाजूला बसून खिदळतेय. मी दहा वेळा धागा टेकवला. हाताला सवय असल्यामुळे बरोबर तीन-तीन सेकंदांनी. तो दहाही वेळा "हो" म्हणाला.

"पास?" त्याने वर्तमानपत्राखालून विचारलं.

"पास," मी म्हणाले आणि चहा गाळायला उठले.

आठ महिन्यांनी तलावाच्या काठाची एक फुटकी फरशी त्याच्या डाव्या करंगळीच्या खाली शिरली. त्याला कळलं नाही. मलाही कळलं नाही, कारण पाय पास झालेले होते. वास यायला लागला तेव्हा आम्ही बूट बदलले. पुढे सतरा दिवस रुग्णालयात, आणि संपलं. ह्याला आता दोन वर्षं झाली. लोक म्हणाले, तुझ्या हातात काय होतं. माझ्या हातात धागा होता. चौदातल्या चार कोऱ्या मी त्याला दिल्या नाहीत, एवढंच झालं होतं.

पोस्टमनकाका पुढच्या महिन्यात आले. नवा लिफाफा, नवा क्रम. कोऱ्या खेपा दुसरी, आठवी, नववी आणि चौदावी.

"हो."

"हो."

"हो."

"हो."

चारही कोऱ्या. दहांपैकी एकही खरी नाही. मी उठून हीटर बंद केला. त्याची घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

"झालं का, ताई?"

"थोडं राहिलंय, काका. डोळे मिटलेलेच असू द्या."

मग मी नियमाबाहेरचं काम केलं. धागा ट्रेमध्ये ठेवला. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि खाटेपासून एक पाऊल मागे सरकले.

"हो," काका म्हणाले.

मी मनात मोजत होते. एक... दोन... तीन.

"हो."

एक... दोन... तीन.

"हो."

मी श्वाससुद्धा घेत नव्हते. पडद्याच्या ह्या बाजूला ते दोन पाय तेवढे, निळसर, टाचांना भेगा पडलेले, अगदी स्थिर. आसपास कुणी नाही. आणि ते "हो" माझ्याच लयीत येत होते. तीन सेकंदांची ती लय माझ्या हाताची होती. ती त्या खोलीत, माझ्या हाताशिवाय चालू होती...

"ताई," काका कुरकुरले, "सारखं एकाच जागी काय तपासताय? शेजारीपाजारी तरी जा."

"कोणत्या जागी?"

"डाव्या करंगळीच्या खाली."

"धाग्यासारखं वाटतं?"

"छे. धागा कुठला. बोट टेकवतंय कुणीतरी. दार वाजवतात ना हळूच... कुणी आहे का घरात, तसं."

मी दिवा जवळ ओढून ती जागा पाहिली. भिंगातून पाहिली. लाली नाही, घट्टा नाही, ओरखडासुद्धा नाही. फाइलमध्ये माझ्या हाताने लिहिलं, 'डावा पाय, करंगळीखाली, त्वचा स्वच्छ.'

काका गेल्यावर मी दार लावून घेतलं. खाट रिकामी होती, चादरीला टाचांचे दोन खळगे. मी अगदी हळू विचारलं, "तू आहेस?" स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटली. तरी पुन्हा एकदा विचारलं.

त्या महिन्यात मला धड बसवत नव्हतं की झोपवत नव्हतं. एकच भांडं चार वेळा विसळायची. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिचा फोन आला की, "बरी आहे गं," म्हणायचं आणि ठेवायचा. मला एकच जाणून घ्यायचं होतं. आला असेल तर कशासाठी? माझ्यावर चिडून, की माझी चूक निस्तरायला? डॉक्टरबाईंकडे मी काकांसाठी आणखी एक तपासणी मागितली. "शेवटची," त्या म्हणाल्या. "तुझ्या शब्दाखातर."

तिसऱ्यांदा काका आले ते नव्या बुटांत.

"नातीने पसंत केले," ते म्हणाले. "आवाज येतो म्हणे, टॉक टॉक. आजोबा कुठे आहेत ते तिला कळतं."

चौदा खेपा झाल्या. कोऱ्या खेपांना गप्प. खऱ्यांनाही गप्प.

"आज काही केलंतच नाहीत का, ताई?" काकांनी डोळे उघडले. "आज कुणी आलंच नाही."

एवढा वेळ मी उजव्याच पायावर होते. डाव्या पायाचा मोजा त्यांनी काढलाच नव्हता. निघत नाही, म्हणाले. करंगळीखाली मोज्यावर नाण्याएवढा काळपट डाग होता. मी पाण्याने भिजवून मोजा सोडवला. खाली भोक होतं, कडा पांढुरक्या. बुटात हात घातला तर तळातून वर आलेलं खिळ्याचं टोक बोटाला लागलं. काका त्याच्यावर आठ दिवस चालत होते. टॉक टॉक.

डॉक्टरबाईंनी स्वतः जखम साफ केली. काका संशोधनातून बाहेर पडले, पण पाय वाचला. हात धुताना बाई मला म्हणाल्या, "आणखी चार दिवस गेले असते तर बोट गेलं असतं. कदाचित पायही. नेमकं तिथेच बघायचं तुला सुचलं कसं?"

"सवयीने," मी म्हणाले.

त्या रात्री मी दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले. तो आला होता. दुसऱ्या कुणाच्या पायावर बोट ठेवून मला दाखवत होता, इथे बघ, ह्या वेळी नीट बघ. मला आणखी काही नको होतं.

दोन आठवड्यांनी काकांची फाइल बंद करायची वेळ आली. त्या कागदात जखमेचं कारण लिहायचं असतं आणि तारखा टाकायच्या असतात. बूट घेतल्याची तारीख मी लिहिली. त्याच्या वर पहिल्या तपासणीची तारीख होती, दुसरीची होती. माझंच अक्षर, 'त्वचा स्वच्छ.'

मी पेन खाली ठेवलं.

पहिल्यांदा ते बोट टेकलं तेव्हा हे बूट दुकानात होते. दुसऱ्यांदा टेकलं तेव्हाही. तिथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. बोट आधी आलं आणि खिळा मागून, नेमका त्याच जागी. आणि खिळा आला, त्यानंतर बोट आलं नाही. शिंपी कापडावर आधी खडूने खूण करतो. कात्री लावल्यावर खडूचं काम संपतं.

नाही, मी स्वतःला म्हणाले. हे तुझं मन आहे. त्याला आधी कळलं असेल, गेलेल्या माणसाला कळत असेल. पण त्या दिवसापासून माझी ती अस्वस्थता परत आली, आणि आता तिला दोन तोंडं होती.

त्याच आठवड्यात लेक घरी आली. भर दुपारी, खिडकीतून पांढरं ऊन आत येत होतं. ती कोचावर आडवी झाली आणि दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले.

"आई, चिडू नकोस हं. ऑफिसने सगळ्यांची तपासणी केली. माझी साखर जरा वर आलीय."

"किती?"

"जरा म्हटलं ना. आता चेहरा नको करूस तसा. आणि माझे पाय तपास."

"आज सुट्टी आहे माझी."

"बाबांचे तपासलेस ते काय कामावर? मी बसले होते की इथेच." तिने पायाने मला ढोसलं. "लाडका पेशंट तेवढा तो."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी पिशवीतून धागा काढला. दहा वेळा टेकवून मोकळं होता आलं असतं. तिला काय माहीत? तिच्या बापाला मी जे दिलं नव्हतं ते हिलाही द्यायचं नाही, आणि ह्या वेळी विसरून नव्हे, घाबरून? ते मला जमलं नाही. मी चौदा चिठ्ठ्या केल्या, चारांवर काहीच लिहिलं नाही, वाटीत टाकून हलवल्या.

"केवढा तो थाट," लेक म्हणाली.

"डोळे मीट. आणि बडबड बंद."

तिने उशी तोंडावर घेतली. मी एकेक चिठ्ठी उघडत गेले.

खरी. "हो." खरी. "हो." कोरी. मी धागा हवेत धरला. तीन सेकंद. गप्प.

मी कागदावर खूण केली.

खरी, खरी, खरी. "हो, हो, अगं गुदगुल्या होतात, हो." कोरी. गप्प. खरी, खरी. पुन्हा कोरी. गप्प. तिच्या नसा जिवंत होत्या, लखलखीत जिवंत. प्रत्येक वेळी धागा वाकायच्या आधी ती बोलत होती. दहाच्या दहा झाल्या. वाटीत एक चिठ्ठी उरली. तिच्यावर काय आहे ते उघडायची गरज नव्हती. तरी मी ती उघडली.

धागा तिच्या उजव्या टाचेपासून चार बोटं लांब धरला. कागद कोचाच्या हातावर, पेन्सिल डाव्या हातात.

एक... दोन...

उशीखाली ती हसली.

"का हसलीस?"

"हे धाग्याने नाही केलंस. फसवतेस काय? बोट आहे हे तुझं."

"कुठे?" मी विचारलं.

"टाचेला. कुठे म्हणजे काय?"

मी माझे दोन्ही हात बघितले. एकात धागा. एकात पेन्सिल. टाच उन्हात होती, गुलाबी, स्वच्छ, आणि तिच्या आसपास काहीही नव्हतं. फक्त तिच्या मधोमध एक ठिपका हळूहळू पांढरा पडत चालला होता, बोटाने दाबल्यावर पडतो तसा.

"आई," लेक म्हणाली, आता न हसता. "अगं, काढ ना बोट... दुखतंय."